प्रार्थनेत मन लागत नाही, वचन उघडवत नाही: मग सुरुवात कुठून करायची?

माझ्याकडे प्रार्थनेची एक वही आहे. मध्ये एकदा कपाट आवरताना ती हाताला लागली आणि शेवटच्या नोंदीची तारीख बघून मी दचकलोच, अकरा महिने झाले होते. आणि या अकरा महिन्यांत मी एकही रविवार चुकवला नव्हता बरं का. कॉयरमध्ये गात होतो, प्रार्थनासभेत सगळ्यांसमोर मोठ्याने प्रार्थना करत होतो, कुणी आजारी पडलं की 'प्रार्थना करतोय हं तुमच्यासाठी' असा मेसेज टाकत होतो आणि तो मेसेज हीच काय ती प्रार्थना, पुढे काही नाही. कुणाला काही कळलं नाही. मला स्वतःलाही नाही.

आत्मिक उदासीनता अशीच येते, चोरपावलांनी. देव नाही असं काही आपण म्हणत नाही, विश्वास सोडला असंही नाही, फक्त आतून काही हलत नाही. गाणं सुरू झालं की ओठ हलतात, वचन ऐकलं की 'हे माहितीये' वाटतं, आणि प्रार्थनेला बसायचं म्हटलं की अचानक सतरा कामं आठवतात.

यावर सहसा दोन सल्ले मिळतात. एक, 'अजून जोर लावा, उपास करा, रात्रभर प्रार्थना करा'. दोन, 'देवाच्या वेळेची वाट बघा, तोच पुन्हा पेटवील'. दोन्ही अर्धवट आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. मला वाट सापडली ती बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, म्हणजे जो भाग आपण बहुतेक सगळे वर्षाच्या वाचनात भराभर पुढे ढकलतो तिथे. वेदीवरचा अग्नी कधी विझू द्यायचा नाही अशी तिथे आज्ञा आहे. पण १० ते १३ ही वचनं नीट वाचा. याजकाने सकाळी आधी काय करायचं? राख काढायची. मग कपडे बदलून ती राख छावणीबाहेर नेऊन टाकायची. आणि रोज सकाळी वेदीवर लाकडं घालायची. आग पेटवण्याचं काम कुठे आहे? ते त्याचं नव्हतंच, कारण नवव्या अध्यायाच्या शेवटी अग्नी परमेश्वराकडून आलेला आहे. (आणि दहाव्याच्या सुरुवातीला याजक अहरोनाचे मुलगे नादाब आणि अबीहू स्वतःचा अग्नी घेऊन आले त्यांचं काय झालं तेही वाचा, जबरदस्तीने भावना उसळवायचा प्रयत्न करणाऱ्यांसाठी.)

तर आग देवाची, राख आणि लाकूड आपलं. खालचं सगळं या एका वाटणीवर चालतं.

आधी बघा, नेमकं झालंय काय

घाई करू नका, ही पायरी सगळ्यात जास्त वेळ घेते आणि घ्यायलाच हवी. कारण 'माझं मन थंड पडलंय' हे एकच वाक्य बोलणाऱ्या चार माणसांना चार वेगळ्या गोष्टी झालेल्या असू शकतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला दिलं तर उलटंच होतं.

पहिली शक्यता, तुम्ही नुसते थकलेले आहात. एलीया संदेष्टा आठवा. कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरला, केवढा मोठा विजय, आणि लगेच पुढच्या अध्यायात, १ राजे १९ मध्ये, तोच माणूस झुडपाखाली बसून मरण मागतोय. देवाने त्याला प्रवचन दिलं का? विश्वास कमी पडला म्हणून झापलं का? दूताने त्याला हात लावून उठवलं आणि म्हटलं, ऊठ, खा. भाकर आणि पाणी. तो जेवला, पुन्हा झोपला, मग परत उठवून परत जेवायला घातलं कारण पुढचा प्रवास मोठा होता. 'तू इथे काय करतोस' हा प्रश्न देवाने विचारला तो त्यानंतर, चाळीस दिवस चालून होरेब डोंगराला पोचल्यावर. म्हणून रोज पाच तास झोपून, रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल बघून, सकाळी प्रार्थनेत डोळे मिटायला लागले तर त्याला आत्मिक लढाई वगैरे म्हणू नका. आठवडाभर वेळेवर झोपा आणि मग बघा किती उरतंय.

दुसरी शक्यता आजाराची. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलीये, आपण निरुपयोगी आहोत असं सतत वाटतंय, जगू नये असे विचार येताहेत, तर हे डिप्रेशन असू शकतं आणि डॉक्टरकडे जायचं, जगू नये असं वाटत असेल तर आजच्या आज, कुणाला तरी सोबत घेऊन. यात अविश्वास काही नाही. एकोणिसाव्या शतकातले लंडनचे प्रसिद्ध प्रवचनकार चार्ल्स स्पर्जन आयुष्यभर अशा निराशेच्या झटक्यांशी झुंजले आणि त्यावर ते मंडळीसमोर उघडपणे बोलायचे. ज्यांना कुणी 'गोळ्या सोडा, प्रार्थना करा' असं सांगतं त्यांनी कृपा करून तो सल्ला ऐकू नये. गोळ्याही घ्या आणि प्रार्थनाही करा.

तिसरी, खरी मरगळ. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इवाग्रियस नावाच्या साधूने हिचं इतकं अचूक वर्णन करून ठेवलंय की वाचताना हसू येतं. तो म्हणतो, सूर्य हलतच नाहीये असं वाटायला लागतं, दिवस पन्नास तासांचा वाटतो, माणूस सारखा खिडकीकडे बघतो, जेवायची वेळ झाली का बघतो, मग या जागेचा कंटाळा येतो, बरोबरच्या भावांमध्ये प्रेम उरलं नाही असं वाटतं, आणि शेवटी पटतं की दुसरीकडे कुठे गेलो असतो तर देवाला जास्त चांगलं प्रसन्न केलं असतं. सोळाशे वर्षांपूर्वीचं आहे हे! आज खिडकीच्या जागी मोबाईल आहे आणि 'दुसरीकडे'च्या जागी दुसरं चर्च, एवढाच फरक. या मरगळीला जुने लोक स्तोत्र ९१ वरून 'दुपारचा सैतान' म्हणायचे, कारण ती रात्रीच्या अंधारात येत नाही, भर दुपारी येते, सगळं सुरळीत चाललेलं असताना.

चौथी गोष्ट म्हणजे कोरडेपणा, आणि हा मरगळीसारखा दिसतो पण तो नव्हे. स्पेनमधले संत जॉन ऑफ द क्रॉस, ज्यांनी १५७७-७८ मध्ये टोलेडोच्या एका अंधाऱ्या कोठडीत जवळजवळ नऊ महिने काढले, त्यांनी फरक ओळखायच्या तीन खुणा सांगितल्यात आणि माझ्या मते त्या प्रत्येक विश्वासणाऱ्याला माहीत असायला हव्यात. एक, देवाच्या गोष्टींत गोडी नाही पण जगाच्या गोष्टींतही नाही. दोन, आपण देवाची सेवा नीट करत नाही, आपण मागे चाललोय याची मनाला सतत टोचणी आहे. तीन, पूर्वीसारखं मनन करायला गेलं तर जमतच नाही. यातली दुसरी खूण महत्त्वाची. कोमट माणसाला आपण कोमट आहोत याचं काही वाटत नसतं. तुम्हाला वाटतंय, टोचतंय, म्हणून तर तुम्ही हे वाचताय ना?

तर एक कागद घ्या आणि तीन प्रश्नांची उत्तरं लिहा, प्रत्येकी दोन-तीन ओळी. शेवटचं मनापासून कधी प्रार्थना केली होती? त्यानंतर आयुष्यात काय बदललं, नोकरी, घर, आजार, भांडण, यश, काहीही? आणि आता प्रार्थनेऐवजी तो वेळ कुठे जातो? खोटं लिहू नका, कुणी बघणार नाहीये.

माझ्या कागदावर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं होतं. रील्स.

राख काढायची

राख म्हणजे फक्त पाप असं नाही, हे आधी सांगतो. वेदीवरची राख ही कालच्या अर्पणाची असते. कालचं चांगलंच होतं, पण ते जळून गेलं आणि आता त्याखाली हवा जात नाही. जुन्या साक्षीवर जगणं ही राखच. 'अमुक कँपमध्ये प्रभूने मला असा स्पर्श केला होता' हे दहा वर्षं सांगत राहणं, त्यानंतर काय झालं ते मात्र कधीच नाही.

सेवेचीसुद्धा राख होते. प्रकटीकरण २ मधली इफिसची मंडळी बघा, काम आहे, श्रम आहेत, सहनशीलता आहे, खोट्या शिक्षकांना ओळखायची नजर आहे, आजच्या कुठल्याही पाळकाला अशी मंडळी मिळाली तर तो आनंदाने नाचेल. आणि प्रभू म्हणतो, तू आपली पहिली प्रीती सोडलीस. मग पाचव्या वचनात तीन गोष्टी सांगितल्यात: कुठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर, पहिली कामं कर. लक्षात घ्या, 'पहिली भावना पुन्हा आण' असं तो सांगत नाही, भावना आपल्या हातात नसतेच. कामं असतात.

तर आता प्रत्यक्ष. तोच कागद उलटा करा आणि तीन ठिकाणची राख शोधा.

लपवलेलं पाप. नाव घेऊन कबूल करा. 'प्रभू, माझ्या सगळ्या चुका माफ कर' ही कबुली नाही, ते पाकीट न उघडता परत पाठवण्यासारखं झालं. 'प्रभू, मी ऑफिसात खोटं बिल लावलं', 'मी बायकोशी आठवडाभर तुच्छतेने बोलतोय', 'मी रात्री हे हे बघतो', असं. स्तोत्र ३२ मध्ये दावीद सांगतो की गप्प बसलो तोवर माझी हाडं झिजत होती, आणि कबूल केलं तेव्हा क्षमा मिळाली. प्रार्थनेत मन न लागण्याचं कारण कधीकधी एवढं साधं असतं की ज्याच्याशी बोलायचंय त्याच्यापासून आपण काहीतरी लपवतोय. भरपाई करण्यासारखं असेल तर भरपाई करा, पैसे परत द्या, फोन करून माफी मागा.

मनातला राग. मंडळीतल्या कुणाचा तरी, बहुतेक वेळा. एखाद्या पाळकाने अपमान केलेला असतो, कुणी आपल्या मुलाला काही बोललेलं असतं, आणि मग आपण म्हणतो की मला चर्चमध्ये आत्मिक आहार मिळत नाही. मिळत नसेलही! पण आधी राग बघा. क्षमा करणं म्हणजे झालेलं चुकीचं बरोबर होतं असं म्हणणं नव्हे, आणि जिथे छळ झालाय तिथे परत जाऊन बसणं तर अजिबातच नव्हे, त्याविरुद्ध तक्रार करायची असेल तर जरूर करा. क्षमा म्हणजे तो हिशेब देवाच्या ताब्यात देणं, आणि हे एकदा करून होत नाही, काही जखमांच्या बाबतीत रोज सकाळी करावं लागतं.

तिसरं, भरलेलं पोट. प्रकटीकरण ३ मधल्या लावदिकीया शहरातल्या मंडळीचं उदाहरण आपण नेहमी ऐकतो, कोमट, ओकून टाकीन वगैरे, पण त्याच्या पुढचं वचन विसरतो: मी धनवान आहे, मला काही उणं नाही, असं तू म्हणतोस. हे शहर खरंच तसं होतं. इ.स. ६० मध्ये भूकंपाने पडलं तेव्हा रोमची मदत न घेता त्यांनी ते स्वतःच्या पैशांनी पुन्हा उभं केलं, रोमन इतिहासकार टॅसिटसने तशी नोंद केलीये. ज्याला कुणाची गरज नाही त्याला प्रार्थनेची काय गरज पडणार? माझ्यापुरतं बोलायचं तर मोबाईल हेच माझं भरलेलं पोट होतं, प्रत्येक रिकामा मिनिट त्यात ओतला जात होता आणि भूक लागायला वावच नव्हता. मी दोन गोष्टी केल्या, फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला ठेवायला लागलो आणि एक साधं अलार्मचं घड्याळ घेतलं. बस. पहिले चार दिवस वाईट गेले.

राख काढण्यात आठवडेच्या आठवडे घालवू नका मात्र. काही लोक स्वतःला तपासत बसण्यातच रमतात, ती पण एक पळवाटच आहे. एक संध्याकाळ पुरे.

लाकूड घालायचं, छोटं

इथे सगळे एकच चूक करतात. जोश येतो आणि आपण ठरवतो की उद्यापासून पहाटे चारला उठायचं, तासभर प्रार्थना, दहा अध्याय, आणि शुक्रवारी उपास. सहाव्या दिवशी सगळं कोसळतं, आणि आता उदासीनतेच्या वर अपराधीपणाचा आणखी एक थर बसतो. मिणमिणत्या वातीवर ओंडका टाकला तर ती विझेलच. यशया ४२ मध्ये प्रभूच्या सेवकाबद्दल लिहिलंय की तो मिणमिणती वात विझवणार नाही, मग आपणच का विझवावी?

म्हणून पंधरा मिनिटं. तान्हं मूल असेल, दोन नोकऱ्या असतील तर सात. वेळ आणि जागा ठरलेली असू द्या, रोज तीच. दानीएल दिवसातून तीनदा ठरलेल्या खोलीत, ठरलेल्या खिडकीपाशी गुडघे टेकत होता, आणि प्रार्थनेवर बंदीचा हुकूम निघाल्यावरही दानीएल ६:१० म्हणतं की तो 'पूर्वीप्रमाणे' प्रार्थना करत राहिला. संकटात नवीन काही सुरू करावं लागलं नाही त्याला.

या पंधरा मिनिटांत काय करायचं ते मी सांगतो, तुम्हाला बदलायचं असेल तर बदला.

आधी एक मिनिट गप्प बसा आणि जे आहे ते सांगा. 'प्रभू, मला इथे बसावंसं वाटत नाहीये. तरी बसलोय.' ही प्रार्थना चालते, खात्रीने. स्तोत्र १३ ची सुरुवातच 'हे परमेश्वरा, किती काळ' या प्रश्नाने होते आणि पहिल्या दोन वचनांत तो चार वेळा विचारलाय. देवाला खोट्या गोड बोलण्यापेक्षा खरी तक्रार चालते असं स्तोत्रांचं पुस्तक वाचून तरी वाटतं, दीडशेपैकी साधारण तिसरा हिस्सा विलापच आहे.

मग एक स्तोत्र मोठ्याने वाचा. मोठ्याने हे महत्त्वाचं, मनात वाचलं की डोळे ओळींवरून घसरतात. स्वतःचे शब्द सुचत नसतील तेव्हा दुसऱ्याचे शब्द उसने घ्यायला काय हरकत आहे, येशूने वधस्तंभावर उच्चारलेले काही शब्दसुद्धा स्तोत्र २२ चे होते.

त्यानंतर मार्काचं शुभवर्तमान, रोज अर्धा अध्याय. सोळा अध्याय आहेत म्हणजे बत्तीस दिवसांत होईल. मार्कच का? कारण त्यात येशू सतत काहीतरी करताना दिसतो, लांब भाषणं कमी आहेत, आणि मन सुस्त असताना युक्तिवादापेक्षा माणूस बघणं सोपं जातं. रोमकरांस पत्र नंतर. वाचताना एकच प्रश्न: आज येशू इथे कुणाशी कसा वागला? वहीत एक ओळ लिहा. एकच, जास्त सुचलं तरी पहिला आठवडा एकच.

शेवटी तीन माणसांची नावं घेऊन त्यांच्यासाठी मागा, आणि त्यांतलं एक नाव असं असू द्या जे घ्यायला तुम्हाला आवडत नाही. आणि प्रभूची प्रार्थना म्हणून उठा.

मन भटकणार. पंधरा मिनिटांत वीस वेळा भटकेल. भटकलं की हळूच परत आणायचं, स्वतःला शिव्या न घालता, आणि ज्या विचाराकडे ते गेलं तोच प्रार्थनेत घ्यायचा. लाईट बिल आठवलं? 'प्रभू, पैशांची काळजी वाटतेय' म्हणा आणि पुढे चला.

याच मरगळीबद्दल वाळवंटातल्या साधूंची एक आठवण सांगतात, संत अंतोनी यांची. ते असेच कंटाळून बसले होते आणि देवाला म्हणाले की मला तारण हवंय पण हे विचार सोडत नाहीत, काय करू. मग त्यांना आपल्यासारखाच एक जण दिसला, बसून दोरी वळत होता, मग उठून प्रार्थना करायचा, मग परत बसून दोरी वळायचा, परत उठून प्रार्थना. तो देवदूत होता आणि त्याने सांगितलं, असं कर म्हणजे वाचशील. बस, एवढंच. मला यातली दोरी फार आवडते. दिवसभर डोळे मिटून बसायचं नाहीये, हाताला काम हवं आणि कामाच्या मधेमधे देवाकडे वळायचं. भांडी घासताना, गाडीची वाट बघताना, कॉम्प्युटर सुरू होईपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात एक वाक्य, 'प्रभू येशू, माझ्यावर दया कर', इतकंही पुरतं.

मन थंड असताना मोठे निर्णय नकोत

हा नियम लोयोलाचे संत इग्नेशियस यांचा, सोळाव्या शतकातला, आणि मी ख्रिस्ती जीवनात ऐकलेल्या व्यवहारी सल्ल्यांमध्ये याचा नंबर फार वर लागेल. ते म्हणतात, मन उजाड असताना कुठलाही बदल करू नका, त्याच्या आधी चांगल्या स्थितीत जे ठरवलं होतं त्यालाच धरून राहा. म्हणजे चर्च सोडायचं, सेवा सोडायची, लग्न ठरलेलं मोडायचं, 'मी बहुतेक कधी ख्रिस्ती नव्हतोच' असा निकाल लावायचा, हे सगळं पुढे ढकला. (मारहाण, छळ असेल तर तिथून बाहेर पडायला थांबायचं नसतं, तो प्रश्नच वेगळा.)

त्यांची दुसरी युक्ती थोडी खोडकर आहे. कंटाळा आला की प्रार्थना ठरल्यापेक्षा लवकर संपवावीशी वाटते, तर अशा वेळी उलट थोडी जास्त करा. पंधरा मिनिटं ठरली असतील तर सोळा. तासभर नव्हे, सोळाच. या एका मिनिटाने त्या कंटाळ्याला कळतं की घरात हुकूम कुणाचा चालतो.

एकट्याने जमत नाही

इब्री ३:१३ सांगतं की रोज एकमेकांना बोध करा, नाहीतर पापाच्या फसवणुकीने मन कठीण होतं. कठीण होत जाणाऱ्या मनाची गंमत अशी की ते ज्याचं त्याला कळत नाही, बाहेरचाच माणूस लागतो.

म्हणून एक माणूस शोधा. एकच, पुरुषाने पुरुष आणि स्त्रीने स्त्री असलेलं बरं. त्याने तुमच्यापेक्षा फार पुढे असायची गरज नाही, पण तोंड बंद ठेवता येणारा हवा, हे आधी तपासा कारण 'प्रार्थनेसाठी सांगतोय' म्हणून गावभर करणारे प्रत्येक मंडळीत असतात. त्याला स्पष्ट सांगा: 'माझं आत्मिक जीवन थंड पडलंय. दर आठवड्याला पंधरा मिनिटं मला विचारशील का?' सल्ला नको, विचारणा हवी.

काय विचारायचं? अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांनी छोट्या गटांसाठी १७३८ मध्ये नियम लिहिले, त्यात दर आठवड्याच्या भेटीत विचारायचे प्रश्न होते: मागच्या भेटीनंतर कोणतं पाप जाणूनबुजून केलंस? कोणते मोह आले? त्यातून सुटका कशी झाली? जरा कडकच आहेत, सुरुवातीला घशाखाली उतरत नाहीत. पुढे त्यांच्या मेथडिस्ट गटांत पुढाऱ्याने प्रत्येकाला दर आठवड्याला विचारायचं असे, तुझ्या जिवाचं कसं चाललंय? मी इथूनच सुरू केलं. पहिल्यांदा माझ्या मित्राने विचारलं तेव्हा मी 'ठीक' म्हणालो, तो काही बोलला नाही, नुसता बघत राहिला, आणि मग मी वीस मिनिटं बोलत होतो.

रविवारची उपासना सोडू नका, आवडो न आवडो. गाता येत नसेल तर नुसतं उभं राहा, आजूबाजूचे लोक तुमच्या वतीने गातील. प्रभुभोजनाला जाताना मनात काही वाटत नसेल तर स्वतःला तपासा, कबूल करा आणि जा, ती भाकर तुमच्या भावनेवर अवलंबून नाही. आणि जर तुम्ही माझ्यासारखे स्टेजवर असाल तर महिनाभर खाली बसायची परवानगी मागा. मला मागायला लाज वाटली होती, मिळाली तेव्हा किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

विश्वासूपणा कुठे दिसतो

याबद्दल थोडक्यात सांगतो कारण करायला सोपं आहे आणि बोलायला अवघड. लूक १६:१० प्रमाणे जो थोडक्यात विश्वासू तो पुष्कळात विश्वासू. मन पेटलेलं नसताना सुद्धा खरं बोलता येतं, वेळेवर कामावर जाता येतं, दान ठरल्याप्रमाणे देता येतं, आजारी शेजाऱ्याकडे जाता येतं. यात ढोंग आहे असं काहींना वाटतं, 'मनातून वाटत नाही तर का करू?' अहो, रात्री दोनला तान्ह्या बाळासाठी उठणाऱ्या आईला त्या क्षणी कुठे प्रेमाचे उमाळे येत असतात. ती उठते. तिला आपण ढोंगी म्हणतो का?

दर आठवड्याला एक काम असं करा जे कुणाला दिसणार नाही आणि कुणाला सांगायचं नाही. उदासीनता स्वतःभोवती फिरते, तिला दुसऱ्याच्या दारात नेऊन उभं केलं की तिचा जोर ओसरतो, निदान माझा अनुभव तरी असा आहे.

दिवस चुकला तर

चुकणारच. दुसऱ्या आठवड्यात बहुतेक. चुकलेलं भरून काढायला दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका, त्याने प्रार्थनेचं कर्ज होतं आणि कर्जदार सावकाराला टाळतो. कालचं पान कोरं सोडा, आजचा अर्धा अध्याय वाचा. नीतिसूत्रे २४:१६ म्हणतं की नीतिमान सात वेळा पडला तरी पुन्हा उठतो, म्हणजे पडण्याची सोय आधीच धरलेली आहे त्यात.

आणि चूक मोठी असेल, खूप लांब गेलेले असाल, तर योहान २१ वाचा. पेत्राने ज्या रात्री येशूला नाकारलं तेव्हा तो कोळशांच्या विस्तवापाशी शेकत उभा होता (योहान १८:१८). पुनरुत्थानानंतर तो किनाऱ्यावर येतो तर तिथे पुन्हा कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी आणि भाकर. मूळ ग्रीकमध्ये हा शब्द नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. येशू त्याला आधी जेवायला बोलावतो आणि मग तीनदा विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. 'पुन्हा कधी असं करणार नाहीस ना' हा प्रश्न तिथे नाही. आणि तो विस्तव पेत्राने पेटवलेला नव्हता, हेही बघा.

महिना गेला, अजून काही वाटत नाही

होऊ शकतं. मला जवळजवळ तीन महिने काही वाटलं नाही आणि नंतर जे वाटलं तेही काही दणदणीत नव्हतं, एका सकाळी मार्क १० मधल्या आंधळ्या बार्तीमयाचं परत वाचताना लक्षात आलं की मी घड्याळाकडे बघितलंच नाहीये.

काहींचं याहून लांबतं. मदर तेरेसा १९९७ मध्ये वारल्या, त्यानंतर २००७ मध्ये त्यांची पत्रं प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आतून अंधारच जाणवत होता, प्रार्थनेत देव जवळ आहे असं वाटत नव्हतं, आणि त्या रोज पहाटे उठून चॅपलमध्ये जात होत्या. स्तोत्र ८८ तर अंधारावरच संपतं, शेवटी एकही आशेची ओळ नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे आणि ते म्हणणारा माणूस पहिल्या वचनापासून देवाशीच बोलतोय.

अशा वेळी पुन्हा वरच्या पहिल्या भागाकडे जा. झोप, तब्येत, राख, एकदा नीट बघा. पाळकाला किंवा एखाद्या अनुभवी माणसाला भेटून सगळं सांगा. काही सापडलं नाही तर त्या तीन खुणा आठवा, आणि पंधरा मिनिटं चालू ठेवा. मनन जमतच नसेल तर जमवायचा हट्टही नको, जॉन ऑफ द क्रॉस अशा लोकांना सांगतात की नुसतं देवासमोर शांत बसा, काही घडवून आणायची धडपड न करता.

मार्क संपला की काय? मी लगेच लूक घेतला, चोवीस अध्याय, त्याच वेगाने अठ्ठेचाळीस दिवस. मध्ये दोन दिवस ताप होता म्हणून पन्नास लागले. वहीत त्या दोन दिवसांची पानं कोरी आहेत.